शेवटच्या गाण्याआधी

३ फेब्रुवारी

प्रिय काकू,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करायची ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या तासाला मी वर्गाबाहेर उभा होतो. तेव्हा एवढ्यावर भागवून घ्या. तब्येत बरी असेल. डावा कान काय म्हणतो? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोललो की शेजारचे भिंत ठोकतात, म्हणून लिहितोय. अक्षर लावून घ्या.

आनंदाची बातमी अशी की तुमच्या बँडची टेप वाजली. आमच्या दुकानाचे मालक तुमच्यासमोर बोलले होते अगदी तसंच झालं. इतकी वर्षं ओलीत पडलेली टेप, वरचा तपकिरी लेप सुटत आलेला. एकदाच वाजेल, वाजता वाजता लेप मशीनला चिकटून उतरेल आणि मागे नुसती पारदर्शक पट्टी उरेल, असं ते म्हणाले होते. एकदाच वाजली. नऊच्या नऊ गाणी रेकॉर्डिंगमध्ये उतरली. आणि काकू, काय वाजवलंय तुम्ही! तिसऱ्या गाण्यात तुमची एक काठी मोडते आणि अर्धं गाणं तुम्ही एका काठीने आणि एका मुठीने ओढता, ते स्पष्ट कळतं. मालकांनी रेकॉर्डिंगमधला तेवढा तुकडा चारदा लावला. दीड वर्षात या माणसाला मी मान डोलावताना पाहिलं नव्हतं.

तबकडीच्या कव्हरवर मागच्या बाजूला चार ओळी मी लिहायच्या असं मालकांनी ठरवलंय. म्हणाले, "तू कॉलेजात गेला होतास ना?" मी म्हटलं, "गेलो होतो, पण परत आलो." तर लिहिलंय ते असं. चुकलं असेल तर खोडा:

"'तोंडावर' या बँडमध्ये तिघं होती. गाणारा, ड्रमवर त्याची थोरली बहीण, आणि दर तीन महिन्यांनी बदलणारा एक गिटारवाला. दोन वर्षं वाजवलं, आणि कोणीही त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं नाही. कार्यक्रम सुरू झाला की गाणारा दार आतून लावून घ्यायचा. दोन गाण्यांच्या मधे समोरच्या एकाला उभं करायचा आणि प्रश्न विचारायचा. तू इथे कशाला आलास, घरी तुझी कोणी वाट बघतं का, शेवटचं खोटं कोणाशी बोललास. याला ते चौकशी म्हणत. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं गाणं नाही. लोकांनी खुर्च्या फेकल्या, बाटल्या फेकल्या. एकाने रडत उत्तर दिलं आणि तो पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला आला. हे त्यांचं एकमेव रेकॉर्डिंग. सव्वीस वर्षं ते एका साउंडवाल्याच्या माळ्यावर पडून होतं."

मामांचा कव्हरवरचा फोटो छान आलाय. (मागे तुम्ही म्हणाला होतात, "तो तुझा मामा कधीपासून झाला रे?" बरं. तुमच्या भावाचा फोटो.) जबडा पुढे, डोळे थेट बघणाऱ्यावर. छपाईवाला म्हणाला, हा माणूस माझ्याकडे उधारी मागतोय असं वाटतं.

टेप लावली त्या दिवशी तुमची लेक आली होती. तुम्ही पाठवलेला डबा द्यायला. अर्धा तास होती. मग गेली. ती बरी आहे ना? नाही, त्याचं उत्तर नको.

इस्पितळाच्या धुलाईत नवीन मशीन आलं का? चादरींचे गठ्ठे स्वतः उचलू नका, त्या दोन धिप्पाड पोरांना सांगा. पगार घेतात ना.

आणि हो, तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. टेप देताना तुम्ही म्हणाला होतात, गाणी तुम्हाला ठेवा, मला फक्त शेवटच्या गाण्याआधी तो माझ्याकडे वळून काय म्हणाला ते हवंय. तर तिथे बोलणं नाही. नुसती गर्दी आहे. माइक बंद असेल, किंवा तो बोललाच नसेल. बघितलं मी. नाही.

एप्रिलच्या आत तबकड्या येतील. पहिली तुमची.

तुमची
काडेपेटी

(तुम्ही ठेवलेलं नाव आता दुकानातही पसरलंय. कालच एकाशी भांडण झालं. तो म्हणाला, हे काय संगीत आहे का. मी त्याला चौकशीच्या थाटात विचारलं, तू इथे कशाला आलास? तो म्हणाला, छत्री दुरुस्तीचं दुकान शोधतोय.)


२१ मार्च

प्रिय काकू,

तुमचं पत्र मिळालं. तबकडी पोचली आणि एकही ओरखडा नाही हे वाचून बरं वाटलं.

पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, "इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याने मला काही विचारलं. माझ्या कानात कापसाचे बोळे, त्याचे ओठ हलताना दिसले, मला वाटलं आता माझीच चौकशी करतोय मेला, मी हसले आणि काठ्या आपटून चार मोजले. गाणं सुरू केलं. नऊ दिवसांनी तो गेला. त्याने विचारलं आणि मी उत्तर द्यायच्याऐवजी वाजवलं, हे मी रोज उशाशी घेऊन झोपायचे. आता तबकडी ऐकली. तिथे काहीच नाही. म्हणजे ओठ नुसतेच हलले असतील, श्वास घेत असेल. तुझे उपकार, पोरा. परवापासून मला झोप लागते."

काकू, उपकार वगैरे लिहू नका. मला ते शब्द चालत नाहीत.

झोप लागते हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. मी ते मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "त्या जागेची गर्दी मला ओळखीची वाटते." मी म्हटलं, गर्दी सगळीकडे सारखीच असते. ते मशीन पुसत बसले.

इकडे तबकड्या जाताहेत. कोण घेतं म्हणाल तर माझ्यासारखीच डोकं फिरलेली पोरं, आणि एक रिटायर्ड बाई, जिने सांगितलं की तिला एकदा तुमच्या भावाने उभं केलं होतं. काय विचारलं होतं ते सांगेना. "विचारलं ना एकाने तरी," एवढंच म्हणाली आणि दोन तबकड्या घेऊन गेली. एका वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं की गाणी बेसूर आहेत पण मधल्या जागा अंगावर येतात. मी तो कागद फाडला. कौतुक होतं तरी फाडला. का ते विचारू नका.

तुमची लेक महिनाअखेर जातेय ना? नोकरी मोठी आहे, शहर लांब आहे, आणि तिचा तो चष्मेवाला मित्रही तिथेच आहे. कळलं मला. तिनेच सांगितलं. तुम्हाला वाटत असेल मी आता बसस्टँडवर जाऊन तमाशा करीन. नाही करणार. तमाशाचा माझा कोटा संपलाय. तिच्यासाठी कॉलेज सोडलं असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. ज्या प्राध्यापकाने भर वर्गात तिचा अपमान केला, त्याच्या टेबलावर मी खुर्ची आपटली, ते खरं. पण नंतर तिने जाऊन त्याच्याशी शांतपणे बोलून सगळं मिटवलं होतं आणि मला परत बोलावलं होतं. तरी मी गेलो नाही. ते मी कोणाला सांगत नाही.

बघा, किती गोष्टी मी सांगत नाही.

तुम्ही तबकडी रोज ऐकू नका. उजवा कान दुखेल. एकदा ऐकली, पुरे झालं. कपाटात ठेवून द्या.

काडेपेटी


६ एप्रिल

काकू,

तुमची चिठ्ठी आली. दोन ओळींची. "तिसऱ्या गाण्यानंतर गर्दीत एक माणूस खोकतो. शेवटच्या गाण्याआधी तोच माणूस तसाच खोकतो, आधी दोन, मग थांबून एक. माणूस दोनदा तसाच खोकत नाही. मी ड्रम वाजवलाय. खरं काय ते लिही."

लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा पेन उचलणार नाही, म्हणून एका दमात.

मालकांचा एकच नियम आहे. टेप चालू असताना हात खिशात. पहिल्या दिवसापासून ते मला हेच सांगताहेत. जुनी टेप फिरायला लागली की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, एखादं बटण, एखादी पट्टी, धूळच पुसू, म्हणून हात खिशात घालून उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. मी हसायचो. आमच्याकडे कामगार कमी आणि खिसे जास्त, असं म्हणायचो.

त्या दिवशी मालक कव्हर बघायला छापखान्यात गेले. जाताना म्हणाले, "तुझ्यावर सोडतोय." दुपारचे तीन वाजले होते. मी मशीन लावलं. हात खिशात. गाणी एकामागून एक उतरत होती. टेप ज्यांना घासून जाते त्या मशीनच्या डोक्यांवर तपकिरी भुकटी साचत होती आणि मी श्वास धरून होतो, कारण मला तुमचं वाक्य पाठ होतं. मला फक्त शेवटच्या गाण्याआधीचं हवंय. आठवं गाणं चालू होतं तेव्हा तुमची लेक आली. डबा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. तिची एक उभं राहायची पद्धत आहे, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून. तशी उभी राहिली की काहीतरी वाईट सांगणार हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

आठवं गाणं संपलं. गर्दीचा आवाज. कोणीतरी शिट्टी मारली. आणि तिने बोलायला सुरुवात केली. तिचा आवाज मुळातच हळू, तुमच्या घरात ती एकटीच हळू बोलते. स्पीकर मोठा होता. मला काही ऐकू येईना. मी खिशातून हात काढला आणि आवाजाची पट्टी खाली ओढली.

मशीनपुढे आवाज कमी-जास्त करायच्या दोन सरकत्या पट्ट्या आहेत. डावी स्पीकरची. उजवीतून आवाज रेकॉर्डिंगला जातो, आणि तिथूनच पुढे स्पीकरला. उजवी खाली केली की स्पीकरही गप्प होतो. म्हणून डावीऐवजी उजवी ओढली गेली हे मला कळलं नाही. मला शांतता हवी होती, ती मिळाली. टेप फिरत होती, लेप उतरत होता, आणि कुठेच काही नोंदलं जात नव्हतं.

एक मिनिट चाळीस सेकंद. मी नंतर मोजलं.

तेवढ्या वेळात मी काय ऐकलं ते तुम्हाला कळायला हवं, कारण तुमच्या भावाचं बोलणं त्याच्या बदल्यात गेलं. ती म्हणाली, "तू ऐकतोयस का?"

मी म्हटलं, "तुझंच ऐकतोय."

ती म्हणाली, "मग ऐक. मी जातेय. तो पण तिथे आहे, आणि मला तिथे जायचंय. मी तुला कधी हो म्हटलं नव्हतं. कॉलेज सोड असंही म्हटलं नव्हतं. तू सगळं मनातल्या मनात ठरवतोस आणि मग माझ्या नावावर टाकतोस."

मी म्हटलं, "मग डबा कशाला आणलास?"

ती म्हणाली, "आईने पाठवलाय."

बस. एवढंच. यातलं एक अक्षरही मला नवीन नव्हतं. ते मी दुसऱ्या दिवशी ऐकलं असतं तरी चाललं असतं. पत्राने कळवलं असतं तरी चाललं असतं. मी मान वळवली तर मशीनचा काटा शून्यावर झोपलेला. मी पट्टी वर फेकली. तेवढ्यात एका बाईचं हसू आलं, आणि लगेच काठ्यांचे चार ठोके. तुमचं हसू, काकू. म्हणजे तो विचारून झाला होता.

ती कधी गेली ते मला कळलं नाही. शेवटचं गाणं संपलं. मी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. नुसती खरखर. तिसऱ्यांदा लावली. टेपची ती पट्टी प्लॅस्टिकसारखी आरपार दिसत होती, तिच्यातून मला माझीच बोटं दिसत होती. मशीनची डोकी भुकटीने भरलेली. मालकांनी शिकवल्याप्रमाणे मी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि डोकी साफ केली. हे मी का केलं? सवय. घाण दिसली की पुसायची. पाच बोळे लागले. पाचवा पांढरा निघाला तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मी काय पुसलंय.

मालक परत आले आणि त्यांनी विचारलं, "आलं?" मी म्हटलं, "सगळं आलं."

मग मी ती मोकळी जागा कापली. तुमचं हसू कापलं, कारण ते ऐकल्यावर कोणीही विचारलं असतं की ही बाई कशाला हसली. तिसऱ्या गाण्यानंतरची वीस सेकंदांची गर्दी उचलून तिथे जोडली, खोकणाऱ्या माणसासकट. जोड कुठेही ऐकू येत नाही. हे काम मला चांगलं जमतं, तेवढंच जमतं. आणि तुम्हाला लिहिलं की तो बोललाच नाही.

मला वाटलं होतं तुम्ही रडाल. शिव्या द्याल. तुम्ही लिहिलंत की झोप लागते. मग मी गप्प बसलो. स्वतःला सांगितलं की बघ, चांगलंच झालं. पण तसं नव्हतं. ज्या माणसाने सगळ्यांची दारं लावून त्यांना विचारलं, त्याने स्वतःच्या बहिणीला काहीच विचारलं नाही असं मी तुम्हाला पटवलं. मी त्याला मुका केला आणि वर कव्हरवर चार ओळी लिहिल्या.

काल मालकांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. खोकला त्यांनीही ओळखला होता, दीड महिना ते माझी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. उरलेल्या तबकड्या त्यांनी मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या, भिंतीकडे तोंड करून. मग म्हणाले, "हात खिशात घाल आणि घरी जा." मी किल्ली टेबलावर ठेवली.

तुमच्या लेकीला यातलं काही कळवू नका. तिला वाटेल तिच्यामुळे झालं. ती तीच पिशवी पुढे धरून आयुष्यभर उभी राहील. तिच्यामुळे नाही झालं. ती तर हळूच बोलत होती.

काकू, तुम्हाला पुन्हा झोप लागणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही हसलात कारण तुमच्या कानात कापूस होता. त्याला ते दिसत होतं का, मला माहीत नाही. त्याने साधंच काही विचारलं असेल, घरी जाताना भूक लागलीये का, काठी मोडली ती कुठे टाकलीस. किंवा तसं नसेल. मी कितीही डोकं फोडलं तरी ते आता कोणालाच कळणार नाही, आणि यापुढे तुम्ही जेव्हा जेव्हा विचार कराल तेव्हा त्यात मीही असेन.

सोबत एक पाकीट आहे. त्यात पाच बोळे आहेत, चार तपकिरी, एक पांढरा. ते फेकायला माझा हात धजत नाही. तुमच्या भट्टीत टाका किंवा ठेवा, ते तुमचे आहेत.

आणि एक कॅसेट आहे. मी पट्टी खाली करायच्या आधीची चार सेकंदं त्यात वाचली आहेत. तीही मी कापून लपवून ठेवली होती. तबकडीवर नाहीत, कोणी ऐकलेली नाहीत. तुमचं हसू मी त्यात घातलेलं नाही, ते तुम्हाला पाठ आहे. दार लावून घ्या, खुर्चीवर बसा, उजवा कान स्पीकरला लावा. आधी शिट्टी येईल. मग तो येईल, आणि तो ओरडत नाहीये, मला वाटलं होतं तो नेहमी ओरडूनच बोलत असेल. तो म्हणतो, "ए ढम्मे, थांब जरा. एक विचारायचंय. तू..."

"तू" नंतर काही नाही. तिथे माझा हात आहे.

हात खिशात घालून उभा असलेला,
काडेपेटी